लाईट गेली तरी नोंद राहिली पाहिजे: नेटवर्क स्विचचे लॉग मेसेज कसे लावायचे

मे महिन्याचा तिसरा आठवडा. रत्नागिरीजवळच्या एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यातून फोन आला. गेटवरच्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर मधेच ऑफिसशी तुटतो, पावती निघत नाही आणि मागे टेम्पोंची रांग लागते. मी गेलो, रॅक उघडला आणि घाईत सगळेच करतात तेच केलं. सगळ्या कॉम्प्युटरांच्या तारा एकत्र जोडणाऱ्या नेटवर्क स्विचची पिन काढली, परत लावली. काटा सुरू झाला. तासाभरात काट्यावरचे काका खिडकीतून ओरडले, "दादा, परत लटकलं बघा!"

मग कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी तार) लावून स्विचचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला. त्यात फक्त मी पिन लावल्यानंतरच्या ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीवर तारीख होती १ मार्च. आदल्या चार दिवसांत काय काय घडलं त्याचा पुरावा मी माझ्या हाताने पुसला होता. उरलेल्या ओळींवरून काट्याची तार नक्की किती वाजता तुटली तेही कळेना, कारण स्विचच्या लेखी अजून १९९३ साल चालू होतं.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. नवीन स्विच रॅकमध्ये बसला की पोर्ट, व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेले वेगळे गट) वगैरे सगळं आहेच, पण लॉग मेसेज बाहेर जायला लागल्याशिवाय मी स्क्रू आवळत नाही. कोकणात हे जास्तच गरजेचं आहे. इथे वळवाच्या पावसात लाईट जाते, मिरगाला जाते, माडाची झावळी तारेवर पडली तरी जाते. स्विचचा लॉग त्याच्या रॅममध्ये असतो, म्हणजे लाईट गेली की लॉगही गेला. आणि बिघाड बहुतेक वेळा लाईट जाण्याच्या आसपासच होतो, म्हणजे नोंद हवी असते नेमकी तेव्हाच ती हातात नसते.

हा लेख पहिल्यांदाच स्विच हाताळणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचची आहेत, कारण लहान ऑफिसं, कॉलेजं, कारखाने यांच्याकडे जुने का होईना पण तेच बरेच दिसतात. दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर कमांड वेगळी असेल किंवा ब्राउझरमध्ये 'सिस्टम लॉग' नावाचं पान असेल, पण भरायच्या गोष्टी त्याच: घड्याळ, मेसेजच्या गंभीरपणाची पातळी, नोंदी साठवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता.

कमांडबद्दल एक सूचना. खाली त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. स्विचवर त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाईप करायच्या. स्पेलिंग अडलं तर शब्दाची पहिली दोन-तीन अक्षरं टाकून प्रश्नचिन्ह दाबा, स्विच पुढचे शब्द स्वतः दाखवतो. टॅब दाबलात तर शब्द पुरा करून देतो. या दोन कळांवर मी अर्धं काम शिकलो.

मेसेज वाचायचा कसा

आधी एक ओळ नीट बघू. स्विचवरून एखादी केबल निघाली की साधारण अशी ओळ पडते:

०००१४२: *मार्च १ ०२:१७:४४.५१२: %लिंक-३-अपडाऊन: इंटरफेस गिगाबिटइथरनेट०/७, चेंज्ड स्टेट टू डाऊन

पहिला आकडा मेसेजचा अनुक्रमांक. मग वेळ. टक्क्याच्या चिन्हापुढे तीन तुकडे: मेसेज स्विचच्या कुठल्या भागातून आला, तो किती गंभीर आहे, आणि त्याचं छोटं नाव. पुढे साध्या इंग्रजीत हकीकत.

वेळेच्या आधीचा तो तारा सहज नजरेतून सुटतो. त्याचा अर्थ 'माझ्या घड्याळावर भरवसा ठेवू नका' असा आहे, आणि हे स्विच स्वतःच सांगत असतो. ताऱ्याऐवजी टिंब दिसलं तर घड्याळ एकदा बरोबर लागलं होतं, पण आत्ता वेळेच्या सर्व्हरशी जुळत नाही. काहीच चिन्ह नसेल तर वेळ खरी धरा.

मधला आकडा म्हणजे गंभीरपणाची पातळी, ० ते ७. इथे किनाऱ्यावरच्या माणसाची हमखास गल्लत होते. बंदरावर बावटा लागतो तेव्हा आकडा चढला की धोका चढतो. तीन नंबरचा बावटा लागला की होड्या आत घ्यायच्या, त्याच्या वरचा लागला तर घरचीही आवराआवर सुरू. लॉगमध्ये उलटं आहे. ० म्हणजे यंत्रच निकामी, १ म्हणजे ताबडतोब धाव, २ नाजूक अवस्था, ३ चूक, ४ इशारा, ५ लक्षात ठेवण्याजोगी घटना, ६ नुसती माहिती, आणि ७ म्हणजे दुरुस्ती करताना लागणारी बारीकसारीक बडबड. आकडा जितका लहान तितकं गंभीर.

तुम्ही स्विचला एक पातळी सांगितलीत की तो ती आणि तिच्याहून गंभीर असं सगळं पाठवतो. ४ सांगितलं तर ० ते ४ येणार. स्विच रीस्टार्ट झाला ही बातमी ५ या पातळीवर आहे, म्हणजे ४ लावून बसलात तर ती कळणारच नाही. म्हणून मी सर्व्हरकडे ६ पाठवतो. ७ कधीच नाही.

ही सगळी पद्धत आली ईमेलच्या जगातून. १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल प्रोग्रॅमसाठी सिसलॉग हा नोंदी लिहिणारा प्रोग्रॅम लिहिला. तो इतका सोयीचा निघाला की युनिक्सवाल्यांनी, मग राऊटर-स्विचवाल्यांनीही तो उचलला. कागदावर त्याची रीत पहिल्यांदा २००१ मध्ये आरएफसी ३१६४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धतींचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) मध्ये नोंदली गेली, आणि २००९ मध्ये आरएफसी ५४२४ आला. हे माहीत असण्याचा फायदा असा, की तुमचा स्विच, राऊटर, फायरवॉल, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर हे सगळे एकाच सर्व्हरकडे मेसेज पाठवू शकतात.

पहिलं काम घड्याळाचं

बरेच जण थेट सर्व्हरचा पत्ता टाकून मोकळे होतात. मी घड्याळापासून सुरू करतो, कारण चुकीच्या वेळेची नोंद माणसाला भलत्याच दिशेला नेते.

लहान कॅटॅलिस्ट स्विचमध्ये घड्याळाला बॅटरी नसते. सुरू झाला की त्याच्या मते १ मार्च १९९३ ची मध्यरात्र असते आणि तिथून तो मोजत बसतो. दुपारी दोनदा लाईट गेली तर एका दिवसात दोन '१ मार्च' होतात. कुठली ओळ कुठल्या १ मार्चची, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

लॅपटॉप कन्सोल केबलने जोडा. पुटी हा प्रोग्रॅम उघडून सिरीयल निवडा, वेग ९६००. एंटर दाबा, इनेबल करून पासवर्ड द्या. पुढे काही करण्याआधी 'शो लॉगिंग' मारा आणि जे दिसेल ते सगळं कॉपी करून एका फाईलीत ठेवा. हातचा पुरावा आधी सांभाळायचा, हे मी कारखान्यात शिकलो. मग:

कॉन्फिगर टर्मिनल
क्लॉक टाईमझोन आयएसटी ५ ३०
एनटीपी सर्व्हर १९२.१६८.१०.५
सर्व्हिस टाईमस्टॅम्प्स लॉग डेटटाईम एमसेक लोकलटाईम शो-टाईमझोन इयर
सर्व्हिस सिक्वेन्स-नंबर्स

दुसऱ्या ओळीत ५ आणि ३० मध्ये जागा सोडायची, टिंब नाही. चौथ्या ओळीतला 'लोकलटाईम' विसरलात तर वेळ ग्रीनिचची पडेल, म्हणजे साडेपाच तास मागे. सकाळी साडेसहाला पडलेली तार रात्री एक वाजता पडल्यासारखी दिसेल आणि तुम्ही वॉचमनला उगाच छळाल. जुन्या आयओएसने (स्विचच्या आतल्या सिस्टमने) 'इयर' घेतलं नाही तर तो शब्द सोडून द्या. अनुक्रमांकाचा उपयोग पुढे येतो: १४२ नंतर एकदम १५० आला तर मधले सात मेसेज वाटेत हरवले.

एनटीपी सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून बरोबर वेळ सांगणारा कॉम्प्युटर, कुठला घ्यायचा? स्विचला इंटरनेटची वाट असेल तर थेट बाहेरचा देता येतो. भारतात राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आणि एनआयसी (राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र) या दोघांचे वेळेचे सर्व्हर आहेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्थांना आपली घड्याळं याच दोघांशी किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवायला सांगितलं आहे. तरी मी स्विचला बाहेरचा पत्ता देत नाही. वादळवाऱ्यात इंटरनेट तुटतं, चार-चार दिवस येत नाही, आणि तेवढ्यात लाईट येऊन-जाऊन असते. अशा वेळी स्विच परत १ मार्चवर जाऊन तिथेच अडकतो. म्हणून ऑफिसातलाच एक पीसी वेळेचा सर्व्हर करायचा, वरच्या कमांडमधला १९२.१६८.१०.५ हा त्याचाच पत्ता. पीसीच्या मदरबोर्डवर बटणासारखी बॅटरी असते, ती घड्याळ चालू ठेवते. लिनक्सवर क्रोनी हा वेळेचा प्रोग्रॅम इन्स्टॉल करा, त्याला बाहेरचे सर्व्हर द्या, तुमच्या नेटवर्कला 'अलाऊ' करा आणि 'लोकल स्ट्रॅटम १०' ही ओळ घाला. या ओळीमुळे बाहेरचं जग तुटलं तरी तो पीसी आपल्या घड्याळावरून आतल्यांना वेळ देत राहतो. दोन-चार सेकंदांचा फरक पडेल, त्याने काही बिघडत नाही. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर वापरणार असाल तर जपून, त्याच्या जुन्या मॉडेलांतही घड्याळाची बॅटरी नाही.

'डू शो एनटीपी स्टेटस' (कॉन्फिगच्या आतून बघायचं म्हणून पुढे 'डू') मध्ये 'क्लॉक इज सिंक्रोनाईज्ड' यायला काही मिनिटं लागतात. चहा घेऊन या. परत आल्यावर नव्या ओळींवरचा तारा गेलेला दिसेल.

स्विचच्या आतली पाटी

स्विच आपल्या रॅममध्ये एक छोटी पाटी ठेवतो, तिला बफर म्हणतात. ती भरली की जुनी ओळ पुसून नवी लिहितो. न सांगता तिचा आकार असतो ४०९६ बाईट. एक ओळ साधारण ९० अक्षरांची, म्हणजे पाटीवर जेमतेम ४५ ओळी. केबल एकदा निघून परत लागली की चार ओळी पडतात: दोन जाताना, दोन येताना. तर एखादी सैल पिन अकरा वेळा हलली की पाटी भरली आणि त्याच्या आधीचं सगळं गेलं. कारखान्यात मी पिन काढली नसती तरी मला फार काही मिळालं नसतं, हे मागाहून हिशेब केल्यावर कळलं.

लॉगिंग बफर्ड ३२७६८ इन्फर्मेशनल
लॉगिंग कन्सोल क्रिटिकल
लाईन कन्सोल ०
लॉगिंग सिंक्रोनस
एक्झिट

पाटी आठपट झाली. याहून फार मोठी करू नका, ती रॅम स्विचला स्वतःच्या कामासाठीही लागते.

दुसरी ओळ कन्सोलवरची बडबड कमी करते. ९६०० च्या वेगाने कन्सोलवर सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात, म्हणजे दहाएक ओळी. नेटवर्कमध्ये लूप झाला (तार फिरून परत त्याच नेटवर्कला लागली) आणि मेसेजचा पूर आला, तर स्विच बिचारा त्या ओळी कन्सोलवर ढकलण्यातच गुंतून पडतो. कन्सोलला कोणी लॅपटॉप लावलेला असो वा नसो, तो ढकलतच राहतो. 'सिंक्रोनस' मुळे तुम्ही टाईप करत असताना मेसेज मधेच घुसून तुमच्या ओळीचे तुकडे करत नाही.

एसएसएचने, म्हणजे कन्सोल केबलऐवजी नेटवर्कवरून, आत गेलात तर मेसेज आपोआप दिसणार नाहीत. त्यासाठी 'टर्मिनल मॉनिटर' टाकावं लागतं. नवखे इथे हटकून गोंधळतात आणि लॉगिंग बंद आहे असं समजतात.

मेसेज बाहेर पाठवणं

आता मुख्य काम. स्विचला आधी स्वतःचा आयपी पत्ता हवा. आपल्या उदाहरणात व्हीलॅन १० वर १९२.१६८.१०.२ आहे असं धरू, आणि सर्व्हर १९२.१६८.१०.५.

लॉगिंग सोर्स-इंटरफेस व्हीलॅन १०
लॉगिंग ओरिजिन-आयडी होस्टनेम
लॉगिंग फॅसिलिटी लोकल६
लॉगिंग ट्रॅप इन्फर्मेशनल
लॉगिंग होस्ट १९२.१६८.१०.५
एंड

पहिल्या दोन ओळींमुळे मेसेज कुठल्या स्विचचा हे नक्की कळतं. पण त्यासाठी स्विचला धड नाव द्या. 'स्विच१', 'स्विच२' अशी नावं दोन वर्षांनी कोणालाच आठवत नाहीत. मी 'गेट', 'पल्पहॉल', 'शीतगृह' अशी जागेची नावं देतो, इंग्रजी अक्षरांत.

फॅसिलिटी म्हणजे टपालाचा खण. सिसलॉगमध्ये २४ खण आहेत, त्यांतले शेवटचे आठ, लोकल० ते लोकल७, आपल्यासाठी मोकळे. सिस्को न सांगता लोकल७ मध्ये टाकतो. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर लोकल७ आधीच सुरुवातीच्या लॉगसाठी वापरात असतो, म्हणून मी स्विच लोकल६ वर हलवतो आणि विषय मिटवतो.

'ट्रॅप' हा शब्द ऐकून एसएनएमपी या यंत्रांवर नजर ठेवायच्या दुसऱ्या पद्धतीचा ट्रॅप समजू नका. इथे त्याचा अर्थ इतकाच, की सर्व्हरकडे कुठल्या पातळीपर्यंत पाठवायचं.

आणि आता, कपाळावर लिहून ठेवावी अशी गोष्ट:

कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग

हे केलं नाही तर आतापर्यंतचं सगळं फक्त रॅममध्ये आहे. पुढची लाईट गेली की तुमचं दोन तासांचं काम धुऊन निघेल, आणि लॉगही नसल्यामुळे ते गेलं हेही कळणार नाही.

सर्व्हर म्हणजे जुना पीसी चालतो

महागडं काही लागत नाही. ऑफिसात बाजूला पडलेला, हार्ड डिस्क धड असलेला एखादा पीसी घ्या, त्यावर उबुंटू टाका. सिसलॉग ऐकणारा आरसिसलॉग हा प्रोग्रॅम त्यात बहुतेक असतोच, नसेल तर मागवून घ्या. त्याच्या मुख्य कॉन्फिग फाईलीत यूडीपीच्या (पोच न मागता मेसेज पाठवायच्या पद्धतीच्या) दोन ओळी असतात, एक मॉड्यूल चढवणारी आणि एक पोर्ट ५१४ (इथे केबलचा पोर्ट नाही, पीसीच्या आतला क्रमांकाचा दरवाजा) उघडणारी. दोन्हींच्या पुढे हॅशचं चिन्ह असतं, ते काढा. मग त्याच्या नियमांच्या फोल्डरमध्ये एक नवी फाईल करून एकच ओळ लिहा: लोकल६, टिंब, तारा, मोकळी जागा, आणि ज्या फाईलीत नोंदी हव्यात तिचा पूर्ण पत्ता. आरसिसलॉग रीस्टार्ट करा. फायरवॉल चालू असेल तर यूडीपी ५१४ ला वाट द्या. वेळेचा सर्व्हर याच पीसीवर असेल तर यूडीपी १२३ लाही. मला आलेल्या 'मेसेज येत नाहीत' या तक्रारींपैकी बऱ्याच फायरवॉलपाशीच संपल्या.

पीसीला पत्ता कायमचा द्या. डीएचसीपीवर (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीवर) ठेवलात तर एक दिवस त्याचा पत्ता बदलेल आणि स्विच रिकाम्या घराला पत्रं टाकत बसेल. यूडीपीला पोच नसते, त्यामुळे पत्र पोचलं नाही हे त्याला कळायचा मार्ग नाही.

लॉगची फाईल वाढत जाते. लॉगरोटेट या जुन्या लॉगची पानं उलटणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आरसिसलॉगची फाईल आधीच असते, तिची नक्कल करून तुमच्या फाईलीचं नाव घाला. आठवड्याला एकदा पान उलटायचं आणि २६ पानं ठेवायची. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. वर सांगितलेल्या सर्ट-इनच्या निर्देशांत लॉग १८० दिवस सांभाळायला सांगितले आहेत, त्यात हे बसतं.

या पीसीला यूपीएस पाहिजेच. पण एवढ्याने भागत नाही. स्विचपासून सर्व्हरपर्यंतच्या वाटेवर जे जे आहे, मधला दुसरा स्विच, फायबरचा कन्व्हर्टर, ते सगळं यूपीएसवर असावं लागतं. एका ठिकाणी स्विच यूपीएसवर, सर्व्हर यूपीएसवर, आणि मधला कन्व्हर्टर भिंतीवरच्या साध्या प्लगला होता. लाईट जाण्याच्या क्षणीचे मेसेज तिथेच हरवत होते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मंडणगड-दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. एवढं कुठलाही यूपीएस तगत नाही. पण डिस्कवर लिहिलेली ओळ अंधारातही डिस्कवरच राहते. वीज आली की पीसी चालू करून शेवटची ओळ वाचा: कुठला पोर्ट आधी गेला, कुठला नंतर, यावरून पाणी कुठून शिरलं तेही कळू शकतं.

एक पथ्य: साधा सिसलॉग उघड्या पोस्टकार्डासारखा जातो, वाटेतला कोणीही वाचू शकतो. इमारतीच्या आत ठीक आहे. दुसऱ्या गावच्या शाखेतून मागवायचा असेल तर व्हीपीएनमधून (इंटरनेटवरच्या बंदिस्त वाटेने) आणा, किंवा दोन्हीकडे सोय असेल तर टीएलएसने (मेसेज कुलूपबंद करून), पोर्ट ६५१४ वर.

चालतंय का ते बघा

स्विचवर 'कॉन्फिगर टर्मिनल' करा आणि लगेच 'एंड'. काही बदललं नाहीत तरी '%सिस-५-कॉन्फिग_आय' ही ओळ पडते. सर्व्हरच्या फाईलीत ती आली का बघा. नसेल आली तर सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम) लावून पोर्ट ५१४ वर काही येतंय का ते तपासा. पॅकेट येत असेल आणि फाईलीत नसेल तर घोळ सर्व्हरवर. पॅकेटच नसेल तर स्विच किंवा वाट.

पॅकेटच्या सुरुवातीला कोनाच्या कंसात एक आकडा दिसतो, समजा १८१. त्याला ८ ने भागा. भागाकार २२, तो लोकल६ चा नंबर. बाकी ५, ती पातळी. पहिल्यांदा हा हिशेब जुळला तेव्हा मला फार आनंद झाला होता, तुम्हीही एकदा करून बघा.

नको असलेला गोंगाट

दोन दिवसांत फाईल भरून जाईल ती पीसी चालू-बंद होण्याच्या ओळींनी. संध्याकाळी सहाला ऑफिस सुटलं की वीस पोर्ट डाऊन, सकाळी वीस पोर्ट अप, आणि यातल्या निम्म्या पातळी ३ च्या. पातळी कमी करून हे सुटत नाही, पोर्टवर जाऊन सांगावं लागतं:

इंटरफेस रेंज गिगाबिटइथरनेट ०/९ - २०
नो लॉगिंग इव्हेंट लिंक-स्टेटस

हे फक्त टेबलावरच्या कॉम्प्युटरांना. कॅमेरा, वायफायचा ॲक्सेस पॉइंट, वजनकाटा, शीतगृहाचा तापमापक, आणि दोन स्विचमधली तार, यांना हात लावू नका. त्यांची एकही ओळ चुकता कामा नये.

उलट काही ओळी मुद्दाम मागून घ्याव्या लागतात. 'लॉगिन ऑन-फेल्युअर लॉग' टाकलंत तर चुकीचा पासवर्ड मारून कोणी आत शिरायचा प्रयत्न केला ते कळतं. 'आर्काईव्ह', मग 'लॉग कॉन्फिग', मग 'लॉगिंग इनेबल', 'नोटिफाय सिसलॉग' आणि 'हाईडकीज' अशी साखळी लावलीत तर स्विचवर कोणी कुठली कमांड दिली ती ओळ न् ओळ सर्व्हरवर येते. शेवटच्या शब्दामुळे त्यात पासवर्ड उघडे पडत नाहीत. दोघं-तिघं मिळून नेटवर्क सांभाळत असाल तर हे आजच करा, 'मी नाही हात लावला' हे वाद थांबतात.

रोज काय वाचायचं

सकाळी पाच मिनिटं पुरतात. '%सिस-५-रीस्टार्ट' दिसला तर स्विच बंद होऊन परत सुरू झाला, बहुधा लाईट गेली होती, म्हणजे यूपीएसची बॅटरी बघा. '%एसडब्ल्यू_एमएटीएम-४-मॅकफ्लॅप_नोटिफ' दिसला तर एकच यंत्र दोन पोर्टांवर उड्या मारतंय, बहुतेक कोणीतरी पॅच कॉर्डची दोन्ही टोकं भिंतीतल्या जॅकांत खुपसली आहेत. '%पीएम-४-एर_डिसेबल' म्हणजे स्विचने पोर्ट स्वतःहून बंद केला; का केला, ते त्याच ओळीत लिहिलेलं असतं. '%आयएलपॉवर-५-आयईईई_डिसकनेक्ट' म्हणजे तारेतून वीज घेणारं यंत्र, बहुधा कॅमेरा, निघालं किंवा मेलं.

आणि सर्वात जास्त दिसणारा '%लिंक-३-अपडाऊन'. तो एकदा दिसला तर सोडा. एकाच पोर्टवर वारंवार दिसला तर वेळ लिहून काढा.

कारखान्यात मी तेच केलं. सर्व्हर लावल्यानंतर दोन रात्री गेल्या. पोर्ट ७, गेटचा. पहाटे चार ते सहा या वेळात वीस-पंचवीसदा वर-खाली, दिवसभर अधूनमधून, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून चार थेंब पडले तेव्हा परत जोरात. सॉफ्टवेअरला पहाटेचं दव कळत नाही. मी काट्याच्या खोलीतला जॅक उघडला. खोली समुद्राकडे तोंड करून, खिडकीला काच नाही, फक्त जाळी. आरजे-४५ च्या आठ सोनेरी पट्ट्यांपैकी दोन हिरवट झाल्या होत्या, शेवाळ धरल्यासारख्या. खारी हवा आत शिरून तांब्याला खात होती. दमट झालं की संपर्क सुटायचा, ऊन चढलं की परत लागायचा. केबलचं टोक वीतभर कापून नवा जॅक क्रिंप केला, भिंतीतला सॉकेट बदलला, झाकण असलेल्या डबीत बसवला. सगळं मिळून अर्धा तास. मधले चार दिवस लोक सॉफ्टवेअरवाल्याशी भांडत होते.

शेवटची परीक्षा

काम सुटल्यावर, मालकांना सांगून, कॉन्फिग सेव्ह झालंय याची खात्री करून स्विचची पिन काढा. दोन मिनिटं थांबून लावा. दहा-पंधरा मिनिटांनी सर्व्हरची फाईल उघडा.

प्रत्येक ओळीत तुम्हाला दोन वेळा दिसतील. डावीकडची सर्व्हरने लिहिलेली पोचवेळ, आत स्विचची स्वतःची. पिन काढेपर्यंत दोन्ही जुळतात. मग मोकळी जागा. मग स्विच उठल्यावरच्या ओळी, डावीकडे आजची तारीख आणि आत '*मार्च १ १९९३ ०५:३०', कारण त्याची मध्यरात्र ग्रीनिचची आणि आपण त्यात साडेपाच तास मिळवलेत. अगदी पहिल्या एक-दोन ओळी हुकलेल्या असू शकतात, तार पूर्ण जिवंत होण्याआधीच त्या निघतात. किती हुकल्या ते अनुक्रमांक सांगेल. आणखी खाली या. एका ओळीपासून तारा गायब होतो आणि दोन्ही वेळा परत एक होतात. ती ओळ सापडली की रॅकचं दार लावा.